आधी पाणी, मग लेझर, दोन्ही हक्काने!

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी संध्याकाळी घरी आल्या. हातात वर्तमानपत्रात घालून आलेले एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. मावशी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत तीन इमारतींचे जिने, पॅसेज आणि वॉचमनसाठीचा संडास धुतात. ठेकेदाराकडे कामाला आहेत, म्हणजे कागदावर कुठेच नाहीत. तीन वर्षांपूर्वी संडास धुण्याचे ॲसिड बादलीत ओतताना कॅन हातातून निसटला आणि ॲसिड उजव्या हातावर सांडले. टाकीतले पाणी संपलेले. जवळ नळ नाही. सोसायटीतल्या एका बाईंनी हळद आणि टूथपेस्ट लावायला दिली. दवाखाना गाठेपर्यंत दीड तास गेला. पुढे जखम भरली. पण मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी जाड, ताठ आणि काळी पडली. मनगट पूर्ण वाकत नाही, पोछा पिळता येत नाही, आणि रात्री अशी खाज सुटते की झोप लागत नाही.

त्या पत्रकावर लिहिले होते, ‘भाजल्याचे डाग लेझरने कायमचे गायब! जखम झटपट बरी! सुलभ हप्त्यांची सोय!’ मावशींनी विचारले, “दादा, हे खरं आहे का? का आमच्यासारख्याला लुटायचं काम? खरं असंल तर बचत गटातून कर्ज काढते.”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आपण आरक्षणावर तासभर बोलू, ॲट्रॉसिटीच्या कलमांवर बोलू, गायरान जमिनीवर बोलू. पण आपल्याच वस्तीतल्या एका कष्टकरी बाईच्या जळालेल्या हातावर आपल्याकडे उत्तर नाही, याची लाज वाटली. मग भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो, वाचले, कायदे चाळले. जे हाती लागले ते मावशींना सांगितले. तेच आज इथे मांडतो आहे, कारण असा हात आपल्या प्रत्येक वस्तीत आहे.

रसायनाने भाजणे आणि आगीने भाजणे यात एक मोठा फरक आहे. आग विझली की जाळण्याचे काम थांबते. रसायन मात्र कातडीवर आहे तोवर आत आत खात जाते. ॲसिडने कातडीचा वरचा थर शिजल्यासारखा घट्ट होतो. कॉस्टिक सोडा, चुना, ओले सिमेंट यांसारखे क्षार तर कातडी विरघळवत खोल उतरतात आणि सुरुवातीला वेदनाही कमी जाणवतात. म्हणून गवंड्याच्या हाताखालचा बिगारी दिवसभर ओल्या सिमेंटमध्ये उभा राहतो आणि संध्याकाळी पाय धुताना त्याला कळते की कातडी गेली.

आता जरा विचार करा, ही रसायने रोज कोण हाताळतो? संडास आणि गटारे धुणारा कोण? कातडी कमावण्याच्या हौदात चुन्याच्या पाण्यात हात घालणारा कोण? बॅटरीच्या दुकानात गंधकाचे ॲसिड भरणारा पोरगा कोणाचा? बांधकामावर सिमेंट कालवणारी बाई कोणाची? एमआयडीसीत ठेकेदारामार्फत ड्रम उचलणारा कोण? या देशात कोणते काम कोणाच्या वाट्याला येते हे जात ठरवते, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले. मग त्या कामातून होणारी जखम कोणाच्या अंगावर येते, हेही जातच ठरवते. म्हणून हा प्रश्न केवळ त्वचारोगाच्या डॉक्टरांचा नाही, आपला आहे.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर लेझरपासून सुरू होत नाही. ते पाण्यापासून सुरू होते.

रसायन सांडल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे होते, त्यावर पुढची अनेक वर्षे ठरतात. पहिले औषध म्हणजे भरपूर, वाहते, साधे पाणी. भिजलेले कपडे, बांगड्या, घड्याळ ताबडतोब काढायचे आणि तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरायचा. क्षार असेल तर त्याहूनही जास्त, तासभरसुद्धा. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या धरून सतत धुवायचे. कोरडा चुना किंवा सिमेंटची पूड असेल तर आधी ती झटकायची आणि मगच पाणी घालायचे. ॲसिडवर सोडा आणि क्षारावर लिंबू असा उलटा उपाय करायचा नाही, कारण त्यातून उष्णता निर्माण होऊन जखम वाढते. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतले काहीही लावायचे नाही. दवाखान्यात जाताना रसायनाचा डबा किंवा त्याचे नाव सोबत न्यायचे. गंज काढण्यासाठी आणि काचेच्या कामात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडसारख्या काही रसायनांना वेगळे औषध लागते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट वापरतात, आणि उशीर झाला तर जीवही जातो.

हे ज्ञान फुकट आहे. पण पाणी फुकट आहे का? २० मिनिटे वाहणारा नळ मावशींच्या कामाच्या जागी होता का? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न माणूस म्हणून समान हक्काचा होता. आज त्याच महाडजवळ रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी उभी आहे. जिथे रसायन तिथे अंगावर पाणी सोडणारा शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ हाताच्या अंतरावर हवा, हा सुरक्षेचा जगभर मान्य असलेला नियम आहे. कारखान्यात निदान तो दाखवण्यासाठी तरी असतो. पण सोसायटीच्या संडासात, गटारावर, बॅटरीच्या दुकानात, बांधकामावर? तिथे आपल्या माणसाच्या हातात ॲसिड दिले जाते, पाणी दिले जात नाही. पाण्याची लढाई संपली असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता लेझरकडे येऊ. पत्रक म्हणते, लेझरने जखम झटपट बरी होते. हे खरे आहे का?

ताज्या जखमेबद्दल विचाराल तर, नाही. रसायनाने नुकत्याच भाजलेल्या कातडीवर पाणी, स्वच्छ ड्रेसिंग, जंतुसंसर्गापासून बचाव, मेलेली कातडी काढणे आणि जखम खोल असेल तर वेळेवर त्वचारोपण, हाच उपचार आहे. कमी शक्तीच्या लेझरने जखमा लवकर भरतात का, यावर पुष्कळ वर्षे काम चालू आहे. १९६७ साली बुडापेस्टचे डॉ. एंड्रे मेस्टर यांना उंदरांवर प्रयोग करताना दिसले की अशा प्रकाशाने केस लवकर उगवतात. तिथून या विषयाला सुरुवात झाली. कॅन्सरच्या उपचारात तोंडात होणाऱ्या जखमांसाठी या प्रकाशाचा उपयोग आज मान्य झाला आहे. पण रसायनाने भाजलेल्या कातडीवर नेहमीचे उपचार बाजूला सारावेत इतका भक्कम पुरावा अजून नाही. तेव्हा ताज्या भाजलेल्या माणसाला कोणी बर्न्स वॉर्डाऐवजी लेझरच्या क्लिनिकमध्ये नेत असेल, तर त्याला तिथेच अडवले पाहिजे.

पण जखम भरल्यानंतर जो जाड, ताठ, खाजणारा व्रण राहतो, त्याच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. इथे लेझर खरोखर कामाचा आहे, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही.

या कामात सर्वात जास्त वापरला जातो तो कार्बन डायऑक्साइड लेझर. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधला, ते डॉ. कुमार पटेल मूळचे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या माणसाचा हा शोध जगभरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पोहोचला. महाराष्ट्रातल्या सफाई कामगाराच्या हातापर्यंत मात्र पोहोचला नाही! या लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. कातडीतले पाणी तो शोषून घेते आणि क्षणात वाफ होते. पूर्वी याने सगळा थरच खरवडला जायचा, त्यामुळे धोका मोठा होता. २००४ साली बोस्टनच्या डॉ. डायटर मॅनस्टाइन आणि डॉ. रॉक्स अँडरसन यांनी नवी कल्पना मांडली. सगळी कातडी जाळायची नाही. लेझरने केसाएवढी बारीक बारीक छिद्रे पाडायची आणि दोन छिद्रांच्या मधली कातडी शाबूत ठेवायची. शाबूत कातडी छिद्रे लवकर भरून काढते, आणि भरताना आतले वेडेवाकडे गुंतलेले तंतू नव्याने रचले जातात. ही पद्धत पुढे कार्बन डायऑक्साइड लेझरमध्येही आली. तिला फ्रॅक्शनल लेझर म्हणतात.

याने काय होते? ताठ व्रण मऊ पडतो, पातळ होतो, ओढ कमी होते. खाज आणि वेदना कमी होतात. सांध्यावरचा व्रण असेल तर हालचाल सुधारू शकते. व्रण लालभडक असेल तर रक्तवाहिन्यांवर काम करणारा पल्स्ड डाय नावाचा दुसरा लेझर वापरतात. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत होरपळलेल्या आपल्या सैनिकांवर अमेरिकेच्या लष्करी डॉक्टरांनी फ्रॅक्शनल लेझर मोठ्या प्रमाणात वापरला, तो त्यांचे चेहरे सुंदर दिसावेत म्हणून नव्हे, तर त्यांचे हात पुन्हा चालावेत म्हणून.

याने काय होत नाही, तेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. डाग ‘कायमचा गायब’ होत नाही. कातडी पहिल्यासारखी होत नाही. एका खेपेत काम होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा कराव्या लागतात. सांधा पूर्ण आखडला असेल तर आधी ऑपरेशन लागते; लेझर त्याच्या जोडीला येतो, त्याच्या जागी नाही. व्यायाम, दाब देणारी पट्टी, सिलिकॉनची पट्टी हे स्वस्त उपाय सुटत नाहीत. आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर शक्ती जास्त लावली तर डाग आणखी काळा पडतो. म्हणून आपल्या रंगाच्या माणसांवर हे काम केलेला अनुभवी डॉक्टरच हवा, शक्ती कमी ठेवायला हवी, आणि नंतर काही आठवडे उन्हापासून जपायला हवे. आता उन्हात गटार उपसणाऱ्याला ‘ऊन टाळा’ असे सांगणे म्हणजे पगारी रजा द्या असे सांगणे आहे. ती देणार कोण?

इथे या प्रश्नाची खरी गाठ आहे. लेझर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर ब्युटी क्लिनिक येते. सरकारी बाबू म्हणतो, हा सौंदर्याचा उपचार. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, कॉस्मेटिक. ठेकेदार हसून म्हणतो, संडास धुवायला गोरा हात कशाला पाहिजे? म्हणजे ज्याचे मनगट वाकत नाही, ज्याला रात्रभर झोप नाही, ज्याची मजुरी निम्मी झाली, त्याच्या उपचाराला ‘हौस’ हे नाव द्यायचे! ज्यांची कातडी अभंग आहे त्यांनी ठरवायचे की जळालेल्या कातडीला किती बरे व्हायचा अधिकार आहे!

आणि समजा, प्रश्न फक्त दिसण्याचाच आहे. तरी तो लहान आहे का? चेहरा हा माणसाचा समाजात वावरण्याचा परवाना असतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला एका ॲसिड हल्ला पीडित महिलेच्या याचिकेवर निकाल द्यावा लागला. बँकेत खाते उघडण्यासाठी मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असा नियम. आणि ॲसिडने डोळे गेलेल्या, पापण्या चिकटलेल्या माणसाने ती दाखवायची कशी? न्यायालयाने अशा व्यक्तींसाठी डिजिटल केवायसीची प्रक्रिया सुलभ करण्याचे आदेश दिले. ज्या चेहऱ्यामुळे साधे बँक खाते अडते, त्या चेहऱ्यावरचा उपचार हौस कसा काय ठरतो?

कायदा काय म्हणतो, ते आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावे. २०१३ साली दंड संहितेत ॲसिड हल्ल्याची स्वतंत्र कलमे आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये आहेत. ॲसिडने गंभीर इजा केल्यास शिक्षा किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप. हल्ल्याच्या पीडितावर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते. लक्ष्मी खटल्यात १० एप्रिल २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की मोफत उपचार म्हणजे केवळ मलमपट्टी नव्हे. औषधे, खाट, जेवण आणि पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही त्यात येतात. पहिल्या रुग्णालयाने ‘ही व्यक्ती ॲसिड हल्ल्याची पीडित आहे’ असे प्रमाणपत्र द्यायचे, आणि ते पुढच्या प्रत्येक रुग्णालयात चालले पाहिजे.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला परिवर्तन केंद्र खटल्याचा निकाल लागला. तो तर थेट आपला आहे. २०१२ साली बिहारमध्ये पाटण्याजवळच्या एका गावात रात्री छतावर झोपलेल्या दोन दलित बहिणींवर ॲसिड टाकले गेले. न्यायालयाने थोरलीला दहा लाख आणि धाकटीला तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ॲसिड हल्ला पीडितांना अपंगत्वाच्या यादीत घेण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आले. त्याच वर्षी ॲट्रॉसिटी कायद्याचे नियम सुधारले गेले. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या पीडिताचा चेहरा दोन टक्क्यांहून अधिक भाजला असेल तर सव्वाआठ लाख रुपये, आणि त्याशिवाय उपचाराची संपूर्ण जबाबदारी राज्य सरकारची. ‘संपूर्ण’ हा शब्द लक्षात ठेवा. व्रण मऊ करणारा लेझर उपचाराचा भाग आहे असे डॉक्टर लिहून देत असेल, तर तो या ‘संपूर्ण’ शब्दात बसतो, हे ठामपणे मांडले पाहिजे.

इथे चळवळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. हल्ला झाला की आपण धावतो. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, गुन्हा दाखल होतो, भरपाईचा पहिला हप्ता मिळतो, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. त्यानंतर त्या मुलीची कितवी शस्त्रक्रिया झाली, लेझरची पुढची तारीख कधी आहे, तिच्यासोबत रुग्णालयात कोण जाते, हे कोण विचारतो? रसायनाने भाजलेल्याचा उपचार वर्षानुवर्षे चालतो. आपला संताप मात्र आठवडाभर टिकतो. भरपाईची रक्कम औषधांत आणि प्रवासात संपते, आणि माणूस पुन्हा एकटा पडतो.

आणि मावशींचे काय? त्यांच्यावर कोणी ॲसिड फेकले नाही. ते कामात सांडले. त्यामुळे हल्ला पीडितांसाठीच्या मोफत उपचाराचे कलम त्यांना लागू नाही. दिव्यांग कायद्याची ‘ॲसिड हल्ला पीडित’ ही व्याख्याही हिंसक हल्ल्यापुरती आहे. सांध्याची हालचाल कमी झाली असेल तरच त्यांना दुसऱ्या दाराने प्रमाणपत्र मिळवावे लागेल. तेच ॲसिड, तोच व्रण. पण एकाला कायदा आहे, दुसऱ्याला नशीब. ज्या समाजव्यवस्थेने बाईच्या हातात ॲसिडचा कॅन दिला, हातमोजे दिले नाहीत, पाणी दिले नाही, तिने हल्ला केला नाही असे कसे म्हणायचे?

कामगाराच्या आजाराचा आणि इजेचा खर्च त्याने एकट्याने सोसू नये, हा विचार या देशात नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली आणि १९४४ साली अहवाल दिला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपली ईएसआय, उभी राहिली. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही २००९ साली दुरुस्ती होऊन कामावरील इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा, असे आले. हे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. पण संहिता कितीही मोठी असो, ज्याचे हजेरीपटावर नाव नाही, ज्याला पगाराची पावती नाही, त्याने तिच्या दारात जायचे कसे? म्हणून लेझरची लढाई ही शेवटी नोंदणीची लढाई आहे. ठेकेदाराकडून ओळखपत्र, पगाराची पावती आणि ईएसआयचा क्रमांक मिळवणे, ही या उपचाराची पहिली पायरी आहे.

ज्यांच्याकडे आरोग्य विमा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. विमा नियामकाने २०१९ साली सर्व कंपन्यांसाठी अपवादांची भाषा ठरवून दिली. त्यात रूप बदलण्याच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या खर्चाला नकार आहे, हे खरे. पण अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, आणि वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक उपचार त्यातून वगळले आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ‘आवश्यक’ असे लिहून दिले पाहिजे. अमेरिकेतही हाच वाद झाला. शेवटी २०१८ साली तिथे भाजल्याच्या आणि जखमांच्या व्रणांवर ‘कार्यक्षमता सुधारण्यासाठी’ केलेल्या फ्रॅक्शनल लेझरला बिलासाठी स्वतंत्र कोड मिळाला. शब्द महत्त्वाचे असतात. चिठ्ठीवर ‘डाग’ लिहिले की नकार येतो. ‘मनगटाची हालचाल मर्यादित, व्रण ताठ, खाज, काम करण्यास अडथळा’ असे लिहिले की त्याच कागदाला वजन येते. डॉक्टरला हे लिहायला सांगणे हा आपला अधिकार आहे.

काही मित्र म्हणतील, सरकारी रुग्णालयात भाजलेल्यांना खाट मिळत नाही, तिथे लेझर कुठला मागता? प्रश्न रास्त आहे. आधी पाणी, मग बर्न्स वॉर्ड, त्वचारोपण, व्यायाम, आणि मग लेझर, हा क्रम मलाही मान्य आहे. पण गरिबाने नेहमी पहिल्या पायरीवरच थांबावे, हे मान्य नाही. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात लेझर यंत्रे आधीच आहेत. तीच यंत्रे आठवड्यातून एक दिवस भाजलेल्यांच्या व्रणांसाठी राखून ठेवा, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग आणि फिजिओथेरपी या तीन विभागांनी त्या दिवशी एकत्र बसावे, एवढे तरी करता येईल. त्याला नवे बजेट लागत नाही. इच्छा लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट असू द्या. जिथे कामासाठी ॲसिड वा क्षार दिले जाते, तिथे वाहते पाणी, हातमोजे आणि गमबूट सक्तीचे करा. ते न देणाऱ्या सोसायटीला आणि ठेकेदाराला दंड करा. कामावर रसायनाने भाजलेल्यांना हल्ला पीडितांप्रमाणेच मोफत आणि संपूर्ण उपचार द्या. सरकारी आरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या व्रणांवरील लेझर स्पष्ट शब्दांत लिहा. प्रत्येक विभागातल्या किमान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्रणांसाठी ओपीडी सुरू करा. उपचाराच्या दिवसांची मजुरी बुडू देऊ नका.

आणि हे होईपर्यंत आपल्या माणसांना लुटू देऊ नका. पत्रक पाहून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. लेझर चालवणारा प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहे का, की कोणी मशीन शिकलेला माणूस? कोणता लेझर, किती खेपा, एकूण खर्च किती, हे लेखी देतो का? सावळ्या कातडीवरच्या धोक्यांबद्दल बोलतो का? आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल तर उठून बाहेर पडा. प्रामाणिक डॉक्टर व्रणाची गॅरंटी देत नाही.

मावशींना मी हेच सांगितले. कर्ज काढू नका. आमच्या बुद्धविहारातल्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात नेले. तिथल्या डॉक्टरांनी हात तपासला, व्यायाम सुरू केला, सिलिकॉनची पट्टी दिली, आणि तीन महिन्यांनी लेझरसाठी त्वचारोग विभागाकडे पाठवायचे असे केसपेपरवर लिहून दिले. त्या पत्रकावरच्या क्लिनिकने एका खेपेचे सांगितलेले पैसे मावशींच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होते. सरकारी रुग्णालयात काय होते ते पुढे कळेल. पण केसपेपरवर ‘डाग’ असे लिहिलेले नाही. ‘उजव्या मनगटाची हालचाल कमी’ असे लिहिले आहे.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, “दादा, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, खालच्या संडासापाशी नळ बसवा, नाहीतर ॲसिडला हात लावणार नाही.” नळ अजून बसलेला नाही. पण ॲसिडचा कॅन गेल्या आठवड्यापासून जिन्याखाली तसाच पडून आहे. आपल्या प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक विहारातून असे दोन कार्यकर्ते अशा एका मावशीसोबत उभे राहिले, तर नळही बसेल आणि लेझरही मिळेल.